गिऱ्हाईक एक, राज्ये अनेक : महाराष्ट्राच्या संरक्षण उद्योगाचा लेखाजोखा

वालचंद हिराचंद सोलापूरचे. जहाजे, साखर, बांधकाम असा त्यांचा व्याप बहुतेक मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातला. तरीही डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमान बांधणारी कंपनी नोंदवली ती बंगळूरला. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी सातशे एकर जमीन देऊ केली आणि संस्थानाच्या तिजोरीतून पंचवीस लाखांचे भांडवलही घातले. पुढे दोनच वर्षांत, महायुद्धाच्या धामधुमीत, सरकारने कारखाना ताब्यात घेतला. वालचंद बाहेर पडले, पण कारखाना तिथेच राहिला. मग त्याच्या आसपास विमानशास्त्राचे शिक्षण आले, प्रयोगशाळा आल्या, इस्रो आली. आज बंगळूर देशाच्या विमान उद्योगाची राजधानी मानली जाते. त्या राजधानीची पहिली वीट एका मराठी मुलखातल्या उद्योजकाने आणि एका चतुर संस्थानाने मिळून ठेवली.

गेली दहा-बारा वर्षे देशातल्या अनेक राज्यांना आपण आजचे म्हैसूर व्हावे असे वाटू लागले आहे. धोरणे जाहीर होतात, पट्टे आखले जातात, सामंजस्य करारांच्या समारंभांत सह्या होतात. प्रश्न मात्र जुनाच आहे. ज्या मालाचे मुख्य गिऱ्हाईक एकच, आणि तेही दिल्लीत बसलेले, तो उद्योग एखादे राज्य आपल्या हिमतीवर वाढवू शकते का? वाढवायचा तर कोणत्या वाटेने?

केंद्राने घातलेला पाया

महाराष्ट्राकडे हा उद्योग नव्याने आणायचा नाही, तो दीडशे वर्षांपासून आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. माझगावची गोदी त्याहून जुनी. तिथली पहिली सुकी गोदी अठराव्या शतकातली. स्वातंत्र्यानंतर भुसावळ आणि अंबरनाथ इथे आयुध निर्माणी आल्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेपासून लांब, देशाच्या मध्यभागी कारखाने हवेत असा विचार बळावला आणि भंडारा, नागपूरची अंबाझरी, चंद्रपूरजवळचे भद्रावती, जळगाव जिल्ह्यातले वरणगाव ही नावे आयुध निर्माणींच्या यादीत गेली. १९८४ मध्ये देहूरोडची भर पडली. राज्यात अशा दहा निर्माणी आहेत.

नाशिकची गोष्ट थोडी निराळी. मिग-२१ विमानांच्या कारखान्यांच्या जागा ठरल्या तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. एकाच विमानाचे काम तीन राज्यांत वाटण्यामागे राजकारण किती आणि तांत्रिक सोय किती, यावर वाद घालता येईल. ओझरच्या वसाहतीला मात्र ‘मिग’ हे नाव चिकटले ते कायमचे. पुढे याच कारखान्यातून मिग-२७ आणि सुखोई-३० बाहेर पडली.

याच्या जोडीला पुण्यात संशोधनसंस्थांची माळ आहे. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था अर्थात ‘एआरडीई’ १९५८ ची. पिनाक अग्निबाणांच्या मुळाशी तिचे काम आहे. सुतारवाडीत स्फोटके आणि प्रणोदकांवर संशोधन चालते, दिघीत लष्करी पूल आणि अभियांत्रिकी यंत्रणांवर. गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाचे अभिमत विद्यापीठ आहे. इतकी शिदोरी फार थोड्या राज्यांकडे असेल.

मात्र यातले जवळजवळ काहीही राज्य सरकारने उभे केलेले नाही. जमीन, पाणी, वीज राज्याची. काय बनवायचे, किती आणि कधी, हे केंद्राचे. त्यामुळे महाराष्ट्राला या उद्योगाची सवय झाली ती शेजारच्या मोठ्या घरासारखी. कुंपण सामाईक, पण दार कधी उघडायचे ते आतल्यांनी ठरवायचे.

दार किलकिले झाले

२००१ मध्ये खासगी कंपन्यांना संरक्षण उत्पादनात परवानगी मिळाली, तेव्हा परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के होती. २०२० मध्ये थेट मार्गाने ती ७४ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षापासून काही शस्त्रे आणि सुटे भाग परदेशातून घ्यायचेच नाहीत अशा याद्या निघू लागल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माणींचे मंडळ मोडीत काढून त्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. त्यातल्या दोघींची मुख्यालये महाराष्ट्रात आहेत : म्युनिशन्स इंडियाचे पुण्यात, यंत्र इंडियाचे नागपुरात. कामगार संघटनांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता. नव्या कंपनीला काम मिळाले नाही तर पुढची पायरी खासगीकरणाची, ही त्यांची भीती आजही गेलेली नाही.

आकडे सांगतात ते चित्र वाढीचे आहे. २०२४-२५ मध्ये देशातले संरक्षण उत्पादन दीड लाख कोटी रुपयांच्या वर गेले आणि निर्यात २३,६२२ कोटींवर पोहोचली. २०१३-१४ मध्ये हीच निर्यात ६८६ कोटी होती. तरीही उत्पादनातला खासगी कंपन्यांचा वाटा अजून पावभागाच्या आतच आहे. राज्ये ज्यांच्यासाठी पायघड्या घालतात त्या खासगी कंपन्या, आणि प्रत्यक्ष मोठे काम ज्यांच्याकडे आहे त्या सरकारी, ही विसंगती पुढच्या सगळ्या चर्चेत डोकावत राहते.

राज्यांची चढाओढ

विमान उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणण्यात कर्नाटक आघाडीवर होते. ते २०१३ मध्ये आले. बंगळूरच्या विमानतळाजवळ देवनहळ्ळीला खास औद्योगिक क्षेत्र आखले गेले. हैदराबादजवळच्या आदिभटला इथे टाटांनी अमेरिकी कंपन्यांच्या भागीदारीत सी-१३० विमानांचे शेपटीचे भाग आणि अपाचे हेलिकॉप्टरांचे सांगाडे बनवायला सुरुवात केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने दोन संरक्षण औद्योगिक पट्टे जाहीर केले. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला ते मिळाले, महाराष्ट्राला नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राने आपले वांतरिक्ष व संरक्षण उत्पादन धोरण मंजूर केले. सवलती, जमीन आणि लहान उद्योगांना भांडवल देणारा वेगळा निधी असा त्याचा साचा. २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पुणे-अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर, नाशिक-धुळे आणि नागपूरच्या भोवतालचा विदर्भ अशा तीन पट्ट्यांची मागणी केंद्रापुढे ठेवली.

मधल्या काळात सी-२९५ चे प्रकरण घडले. सप्टेंबर २०२१ मध्ये हवाई दलासाठी ५६ मालवाहू विमानांचा सुमारे २१,९३५ कोटींचा करार झाला. त्यातली ४० विमाने टाटा आणि एअरबस भारतात बांधणार होते. नागपूरच्या विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक क्षेत्राचे नाव चर्चेत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोनशिला बसली ती वडोदऱ्यात. महाराष्ट्रात अपेक्षित असलेला फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातेत गेल्याला दीडच महिना झाला होता, त्यामुळे राज्यात धुरळा उडाला. विरोधकांनी सत्ताधाऱ्यांना धारेवर धरले. जागेचा निर्णय आधीच्या सरकारच्या काळातच झाला होता, असे सत्ताधाऱ्यांचे उत्तर होते. आरोप-प्रत्यारोपांच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला : असा कारखाना आला असता तर नाशिकच्या सातपूर किंवा नागपूरच्या हिंगण्यातल्या शेडमधल्या कारखानदाराच्या हाती त्यातले नेमके काय पडले असते?

पहिले मत : मोठा मासा आणा

या वादातली पहिली बाजू सांगते की एक मोठा कारखाना आला की बाकीचे आपोआप येतात. वालचंदांचा दाखला याच बाजूचा. एका मोठ्या उद्योगाच्या सावलीत पुरवठादार वाढतात, कुशल माणसे तिथेच स्थायिक होतात, महाविद्यालये अभ्यासक्रम बदलतात. मिहानमध्ये २०१७ मध्ये आलेली दासो-रिलायन्सची भागीदारी हे या विचाराचे अलीकडचे उदाहरण. सुरुवात फाल्कन जेटच्या पुढच्या भागापासून झाली. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात कंपन्यांनी जाहीर केले की फाल्कन २००० हे अख्खे विमान नागपुरात जुळवले जाईल आणि पहिले २०२८ पर्यंत तयार होईल.

मिहानमध्येच या मताला छेद देणारे उदाहरणही उभे आहे. एअर इंडियाने बोइंगकडून विमाने घेतली, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने तिथे विमान दुरुस्तीचे मोठे केंद्र बांधले आणि २०१५ मध्ये ते सुरू झाले. पुढे एअर इंडिया टाटांकडे गेली, दुरुस्तीचा विभाग सरकारकडेच राहिला. आता एअर इंडिया स्वतःचे नवे दुरुस्ती केंद्र बांधते आहे, ते बंगळूरच्या विमानतळावर. व्यवहाराच्या अटीपोटी आलेला हँगर नागपुरात उभा आहे, पण पुढची गुंतवणूक जिथे माणसे आणि पुरवठादार आधीपासून आहेत तिथे गेली.

अशा अटींना संरक्षण खरेदीत ‘ऑफसेट’ म्हणतात : आमच्याकडून पैसे घेता, तर त्यातला काही हिस्सा आमच्या उद्योगात घाला. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी यावर जो अहवाल दिला त्याने अनेकांचा भ्रमनिरास झाला. डिसेंबर २०१८ पर्यंत विक्रेत्यांनी १९,२२३ कोटींची जबाबदारी पार पाडायला हवी होती. त्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा आणि संरक्षण खात्याने त्यातला निम्म्याहून कमीच मान्य केला. दोन सरकारांतल्या थेट व्यवहारांना २०२० च्या खरेदी पद्धतीतून ही अटच वगळण्यात आली.

सवलतींचा सापळा?

मोठा मासा आणायचा तर गळाला आमिष लागते. किती लावावे, यावर जगभर भांडण आहे आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण त्यात हमखास निघते. २००३ मध्ये त्या राज्याने बोइंगच्या ७८७ विमानासाठी सुमारे तीन अब्ज डॉलरच्या करसवलती दिल्या. २००९ मध्ये बोइंगने त्याच विमानाची दुसरी जुळणी साखळी साउथ कॅरोलायनात नेली. २०१३ मध्ये नव्या विमानासाठी राज्याने ८.७ अब्ज डॉलरपर्यंतच्या सवलती २०४० सालापर्यंत वाढवल्या. २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेतल्या वादामुळे त्यातली मुख्य सवलत रद्द झाली आणि त्याच वर्षी बोइंगने ७८७ ची सगळी जुळणी साउथ कॅरोलायनाला नेण्याचा निर्णय जाहीर केला.

सवलतींचे समर्थक यावर म्हणतात : नव्या विमानाचे काम सिअॅटलजवळच राहिले ना? विरोधकांचे म्हणणे असे की कंपनी आपल्या हिशेबाने वागते, राज्याचा पैसा वाटेत खर्ची पडतो. दोन्ही बाजूंना आकडे सापडतात. भारतात गोष्ट आणखी अवघड आहे, कारण इथे बोइंगसारखे अनेक देशांना विकणारे उत्पादक कमी. बहुतेकांचे गिऱ्हाईक भारत सरकारच, आणि ते भरपूर सवलती असलेल्या राज्यातून माल घेतलाच पाहिजे असे काही म्हणत नाही.

दुसरे मत : खालून उभारणी

दुसरी बाजू म्हणते, आपले बळ लेथवर आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, नाशिकचे अंबड, कोल्हापूरची शिरोली इथे पन्नास-साठ वर्षांची कौशल्ये आहेत. ती मोटारींनी घडवली, विमानांनाही चालतील. वालचंदनगरचा कारखाना साखर आणि सिमेंटची यंत्रे बनवता बनवता इस्रोच्या अग्निबाणांचे मोटार-केसिंग बनवू लागला. गोदरेजच्या विक्रोळीतल्या कारखान्यात विकास इंजिने तयार होतात. मोटारींच्या क्रँकशाफ्टवर नाव कमावलेल्या भारत फोर्जला मार्च २०२५ मध्ये ‘एटॅग्ज’ तोफांच्या ३०७ पैकी १८४ तोफांचे काम मिळाले. ही तोफ पाषाणच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये हाती घेतली होती. आराखडा ते खरेदी करार, बारा वर्षे.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, पण मराठी कानावर सहज पडणाऱ्या बेळगावचा दाखलाही इथे दिला जातो. तिथे ‘एक्वस’ने विमानांच्या सुट्या भागांसाठी खास आर्थिक क्षेत्र उभारले : यंत्रकाम, उष्णता-प्रक्रिया, पृष्ठलेपन, सगळे एकाच आवारात. मोठे विमान तिथे कधीच जुळत नाही, पण एअरबसला लागणारे सुटे भाग तिथून जातात.

हे मत आकर्षक वाटते. अडचण सुरू होते ती भोसरीच्या शेडमध्ये. मोटारीचा भाग लाखांनी लागतो. तेजससारख्या लढाऊ विमानासाठी तोच भाग वर्षाला काही डझन. तितक्यासाठी नवे फिक्श्चर, नवा कार्यक्रम, पहिल्या नगाची तपासणी. धातूच्या प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर, म्हणजे तो कोणत्या ओतीतला याचा क्रमांक, कागदावर ठेवायचा, तोही वर्षानुवर्षे. विमान उद्योगाचे एएस ९१०० हे गुणवत्ता प्रमाणपत्र, शिवाय उष्णता-प्रक्रिया किंवा लेपनासारख्या कामांना नॅडकॅपची वेगळी मान्यता. एखाद्याने हे सगळे केले तरी निविदा लांबते, नमुन्याची चाचणी रांगेत अडकते आणि पैसे येईपर्यंत बँकेचे व्याज चढलेले असते. केंद्राने चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची योजना आणली, त्यातल्या मान्यता मुख्यतः तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशच्या पट्ट्यांत गेल्या. महाराष्ट्राची पट्ट्याची मागणी केवळ मानाची नाही, ती अशा ठिकाणी बोचते.

खालून उभारणीचे समर्थकही हे नाकारत नाहीत. त्यांचा आग्रह इतकाच की राज्याने जाहिरातीचे पैसे समाईक चाचणीगृहांवर, उष्णता-प्रक्रियेच्या भट्ट्यांवर आणि आयटीआयच्या अभ्यासक्रमावर घालावेत. मोठ्या उद्योगांकडे कल असलेले अभ्यासक यावर विचारतात : काम कुठून येणार हे ठरल्याशिवाय त्या भट्टीत घालायचे काय?

तिसरी बाजू : जमीन आणि जीव

देवनहळ्ळीच्या चन्नरायपट्टण भागात कर्नाटक सरकारने विमान उद्योगासाठी १,७७७ एकर जमीन घ्यायचे ठरवले. शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरले. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी संपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी आंध्र प्रदेशचे मंत्री नारा लोकेश यांनी उद्योगांना जाहीर आमंत्रण दिले : आमच्याकडे जमीन तयार आहे. एका राज्यातला शेतकऱ्यांचा विजय दुसऱ्या राज्याची संधी ठरतो. राज्यांच्या चढाओढीचे इतके उघड चित्र क्वचित दिसते.

विदर्भात जमिनीपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. नागपूर हे दारूगोळा आणि स्फोटकांचे मोठे केंद्र बनले आहे. तिथल्या एका खासगी उद्योगाने २०२० मध्ये लष्कराला दहा लाख हातबॉम्ब पुरवण्याचा करार मिळवला आणि २०२४ मध्ये नागास्त्र हे घिरट्या घालून लक्ष्यावर तुटून पडणारे शस्त्र दिले. निर्यातही वाढते आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळच्या बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले, त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. एक खासगी, एक सरकारी. रोजगाराच्या आकड्यांत ही माणसे मोजली जातात. त्यातली किती कंत्राटी होती, त्यांना प्रशिक्षण किती दिवसांचे होते, हे धोरणाच्या पुस्तिकेत येत नाही. उद्योजक म्हणतात, नियम कडक आहेत आणि अपघातांची चौकशी होते. कामगार संघटना म्हणतात, मागणी वाढली की पाळ्या वाढतात आणि नियम कागदावर उरतात.

न सुटलेले धागे

सामंजस्य कराराची रक्कम आणि जमिनीवर उतरलेली रक्कम यांतले अंतर सर्वच राज्यांत आहे, आणि राज्ये जाहिरात पहिलीची करतात. एखाद्या राज्यात उद्योग ‘वाढला’ हे मोजायचे कशाने, यावरही एकमत नाही : गुंतवणुकीने, नोकऱ्यांनी, निर्यातीने, की राज्याबाहेरून येणारे भाग राज्यातच बनू लागले यावरून? शेवटचे मोजमाप सर्वांत कठीण आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक.

ओझरला हे सगळे धागे एकत्र दिसतात. सुखोईचे शेवटचे काम संपत आले तेव्हा तिथल्या कामगारांना आणि नाशिकच्या पुरवठादारांना पुढे काय, ही चिंता लागली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बारा सुखोईंची ऑर्डर आली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस एमके-१ए ची तिसरी जुळणी साखळी संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते सुरू झाली, वर्षाला आठ विमानांच्या क्षमतेची. तिथे बांधलेले पहिले विमान त्याच दिवशी उडाले. देशभरात या विमानाच्या १८० नगांचे करार झाले आहेत, म्हणजे काम अनेक वर्षे पुरेल. पण २०२४ पासून द्यायची विमाने रखडली, त्याचे एक मोठे कारण अमेरिकेतून येणारी जीई कंपनीची इंजिने वेळेवर न येणे. अंबडच्या एखाद्या शेडमध्ये वेळेत तयार झालेला ब्रॅकेटही मग ओझरच्या गोदामात इंजिनाची वाट पाहत पडून राहतो. त्या कारखानदाराचे बिल विमान उडेपर्यंत थांबते की भाग पोहोचताच निघते, हे करारातल्या एका कलमावर ठरते, आणि ते कलम मुंबईत लिहिले जात नाही.